साडेसतरा अंशांची सुरी

सान तेल्मो या बारांगायच्या, म्हणजे गावाच्या, बालवाडीतील एकुलती एक सुरी बोथट झाल्याचे मंगळवार, दिनांक चार रोजी सकाळी पावणेदहाच्या सुमारास निदर्शनास आले. निमित्त तांबड्या भोपळ्याचं. सुरी भोपळ्यात दोन बोटं शिरली आणि तिथेच थबकली. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी भोपळा सुरीसकट उचलून ओट्याच्या कडेवर आपटावा लागला. त्याचे जे काही तुकडे झाले ते तसेच पेजेत गेले, कारण बाहेर चोवीस मुलं चमचे वाजवत बसली होती.

त्यातला एक तुकडा तोंतोनच्या घशात अडकला.

पाठीवर दोन थापा बसताच तुकडा बाहेर आला. तोंतोनने तो जमिनीवरून उचलून पुन्हा तोंडात घालायचा प्रयत्न केला, म्हणजे पोराला काही झालं नव्हतं. जे व्हायचं ते त्याच्या आईला, लिगायाला झालं. त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी तिचीच होती आणि सुरी तिच्याच हातात होती.

लिगाया पोषणशास्त्राची पदवीधर होती. नवरा मालवाहू जहाजावर, घरात ती, सासू आणि दोन वर्षांचा तोंतोन. पोर झोपलं की ती त्याचे श्वास मोजायची आणि द्राक्षाचे चार तुकडे करायची. चौथा जरा मोठा वाटला तर पाच. तोंतोनच्या वजनाची रेघ कार्डावरच्या पिवळ्या पट्टीत होती. पिवळ्याच्या वर हिरवी, खाली नारिंगी, आणि त्याच्याही खाली लाल. त्या लाल पट्टीवर लिगाया कार्ड धरताना अंगठा ठेवायची, म्हणजे ती दिसायची नाही. आरोग्यसेविका आते चोलेंग, म्हणजे चोलेंगताई, हिचं म्हणणं, बालवाडीचं जेवण नीट गेलं तर अठ्ठावीस तारखेच्या वजनाला पोरगा हिरव्यात येईल. अडचण एवढीच होती की तोंतोनला साऱ्या जगात एकच भाजी चालायची, तांबडा भोपळा, आणि तोही बारीक चिरलेला. कुस्करलेला दिला तर तो ओठांतून शांतपणे परत करायचा.

थोडक्यात, पोराचं वजन भोपळ्यावर आणि भोपळा सुरीवर अवलंबून होता.

बातांगास प्रांताच्या या भागात बोथट सुरी ही तशी लाजेची गोष्ट. सरोवराच्या काठाने पंधरा मिनिटं चाललं की लोहारांचं गाव लागतं, तिथे घरटी एक ऐरण आहे. इथल्या पुरुषाच्या खिशात एखादे वेळी रुमाल नसेल, पण घडीची सुरी असतेच. अशा ठिकाणी बालवाडीत भोपळा आपटून फोडला गेला, ही बातमी लिगायाच्या आधी घरी पोहोचली.

सासूबाईंनी, म्हणजे इनाय पासिंगनी, वाडग्यातला उरलेला भात संपवला, वाडगा विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. चिनीमातीच्या वाडग्याच्या बुडाची कडा खरखरीत असते. त्या कडेवर त्यांची आई सुरी घासायची आणि आईची आईही.

"आण ती इकडे. एवढं काय त्यात," त्या म्हणाल्या.

"थांबा इनाय. वाडग्याला ठरलेला कोन नसतो."

"वाडगा गोल असतो, पोरी. त्याला कोन कुठून येणार?"

लिगायाने वाडगा सुलटा करून फडताळात ठेवला. चिनीमातीचे कण सुरीला लागणार, सुरीवरून भोपळ्यात, भोपळ्यातून पोराच्या पोटात, हे तिला स्पष्ट दिसत होतं. शास्त्रीय पद्धत शोधायला हवी होती. तोंतोनच्या दुपारच्या झोपेत तिने फोनवर सतरा व्हिडिओ पाहिले. एका दाढीवाल्याने सांगितलं की भिजवलेला दगड हाच खरा, बाकी सगळं पाप. दुसऱ्याने दगड हा अडाणीपणा ठरवून पोलादी कांडी दाखवली. तिसऱ्याकडे विजेचं यंत्र होतं, चौथ्याकडे सुरी शिकंज्यात आवळून ठरलेल्या कोनातच घासणारं उपकरण. पाचव्याने आधीच्या चौघांनी आपापल्या सुऱ्यांचं वाटोळं केल्याचं सिद्ध केलं. कोणी पंधरा अंशांचा कोन सांगे, कोणी वीस. लिगायाने वहीत तक्ता आखला, रकाने पाडले, गुण दिले. चार दुपारी गेल्या आणि चारही पद्धतींना सारखेच गुण पडले.

मग तिने तेच केलं जे शिकलेला माणूस अशा वेळी करतो. अर्ज केला. अर्जातलं शेवटचं वाक्य असं होतं: "तरी बालकांच्या सुरक्षिततेचा विचार करता धार लावण्याची योग्य पद्धत कोणती, हे आपल्या स्तरावर ठरवून द्यावे, ही नम्र विनंती." बारांगायच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतल्यावर तिला बरेच दिवसांनी हलकं वाटलं.

बारांगायचे प्रमुख कापितान रुपेर्तो, ज्यांना सगळे कॅप म्हणत, यांनी अर्ज अर्धा वाचला आणि फलक छापायला सांगितला. दुसऱ्या दिवशी बास्केटबॉलच्या मैदानावर तो झळकला: 'धारदार सान तेल्मो'. फलकावर कॅप दोन माणसांच्या उंचीचे होते, त्यांचा उंचावलेला अंगठा एका माणसाएवढा होता, आणि सुरी त्यांच्या बगलेत कुठेतरी होती. मग सात जणांची धार समिती नेमण्यात आली. आरोग्याचा कारभार बघणाऱ्या सदस्या नेनिता तिच्या अध्यक्ष झाल्या.

समितीच्या पहिल्याच बैठकीत बालवाडीची सुरी ताब्यात घेण्याचा ठराव झाला. तक्रार सुरीच्या बोथटपणाबद्दल असल्याने बोथटपणा हाच मुख्य पुरावा होता. मधल्या काळात एखाद्या उत्साही नागरिकाने तिला धार लावली असती तर समितीपुढे कामच उरलं नसतं. सुरी पिशवीत घालून लाखेने बंद करण्यात आली. मुलांच्या आयांनी घरून सुऱ्या आणायची तयारी दाखवली, तेव्हा नेनितांनी फार मायेने समजावलं की तपासणी न झालेली धार लेकरांच्या जवळ आणणं ही केवढी मोठी जोखीम आहे. लिगायाने मान डोलावली. जोखीम हा शब्द तिच्याच अर्जात चार वेळा होता.

बालवाडीच्या जेवणातून भोपळा गेला. मागोमाग कोंबडी गेली, गाजर गेलं, बटाटा गेला. शेवग्याचा पाला हाताने खुडता येतो म्हणून काही दिवस टिकला, पण काडीसाठी सुरी लागते की नाही यावर समितीत एकमत होईना, तेव्हा तोही गेला. उरलं ते पेज, केळं आणि बिस्किट. तोंतोनने बिस्किट घेतलं आणि मांजराला दिलं.

दर गुरुवारी सायकलवर दगडी चाक लावून मांग उस्तिंग, म्हणजे उस्तिंगकाका, यायचे. तीस वर्षांची त्यांची आरोळी, "हासाऽऽ", म्हणजे 'धाऽऽर', ऐकली की बायका सुऱ्या घेऊन दारात यायच्या. त्या गुरुवारी समितीने त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. पद्धत कोणती म्हणून विचारलं तर ते म्हणाले, चाक फिरवतो आणि सुरी टेकवतो.

"आणि कोन?" नेनितांनी विचारलं.

"ते हाताला कळतं, बाईसाहेब."

इतिवृत्तात नोंद झाली: 'कोन: हात.' मात्र एवढा अनुभव वाया जाऊ नये म्हणून मांग उस्तिंगना तिथल्या तिथे समितीचे तज्ज्ञ सल्लागार नेमण्यात आलं. त्यांना ओळखपत्र आणि टोपी मिळाली. आता तज्ज्ञानेच धार लावायची आणि तज्ज्ञानेच ती तपासायची हे काही नियमात बसत नव्हतं, त्यामुळे त्यांनी कार्यकाळ संपेपर्यंत सान तेल्मोच्या हद्दीत कोणत्याही पात्याला हात लावू नये असंही ठरलं. त्यानंतर मांग उस्तिंग दर गुरुवारी नियमाने यायचे, टोपी डोळ्यांवर ओढून बैठकीत झोपायचे आणि निघताना रिकाम्या सायकलवर सवयीने "हासाऽऽ" असं अर्धवट म्हणून गप्प व्हायचे.

आठवडाभरात गावातल्या सगळ्या पात्यांची धार गेली. मासळीवाली तिलापिया दगडाने ठेचून विकू लागली. खाटकाने कुऱ्हाड काढली. न्हाव्याची कात्री मध्येच रुसल्याने तीन पुरुष अर्ध्या डोक्याने हिंडत होते, आणि त्यांतला एक समितीचा सदस्य असल्याने त्याच्या डोक्याकडे कोणी बघायचं नाही असा अलिखित ठराव होता. गावात खरोखर तीक्ष्ण अशी एकच गोष्ट उरली होती: झुंजीच्या कोंबड्यांच्या पायांना बांधायची पाती. ती रविवारी कापूसही चिरत. पण झुंज हा खेळ आणि स्वयंपाक ही सेवा, दोन्हींची खाती वेगळी, त्यामुळे तिकडे समितीचा काही संबंध नव्हता.

जनसुनावणी त्याच झुंजीच्या आखाड्यात झाली, कारण खुर्च्या तिथेच होत्या. पंधरा अंशवाले डाव्या बाजूला बसले, वीसवाले उजव्या. पंधरावाल्यांचं म्हणणं, वीस अंशांनी कापलेली भाजी ही कापलेली नसून दुखावलेली असते. वीसवाले म्हणाले, पंधराचं पातं नाजूक, सुनेच्या हातात चार दिवस टिकायचं नाही. यावर सुना उठल्या. एका घरात बाप पंधराचा आणि मुलगा विसाचा निघाला, त्यांचं आजही बोलणं नाही. शेवटी कॅपनी ऐक्यासाठी मधला आकडा जाहीर केला, साडेसतरा अंश. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साडेसतरा अंश कुणालाच नको होते, त्यामुळे कुणावरच अन्याय झाला नव्हता.

मग अभ्यासदौरा निघाला. लोहारांचं गाव पंधरा मिनिटांच्या वाटेवर, पण प्रवासाचा तक्ता प्रांताच्या मुख्य ठिकाणाहून सुरू होतो म्हणून गाडी आधी शंभर मैलांचा वळसा घालून आली. साडेसतरा अंशांबद्दल आपलं मत काय, असं एका म्हाताऱ्या लोहाराला विचारण्यात आलं. त्याने ऐरणीवरची सुरी उचलली, शेजारच्या बांबूची कांडी एका फटक्यात उडवली आणि पुन्हा कामाला लागला. अहवालात लिहिलं गेलं की स्थानिक कारागिराने सहकार्य केले नाही.

उपकरण आलं ते मात्र देखणं होतं. काळी पेटी, आत मऊ स्पंजात बसवलेले सहा दगड, सुरी आवळायचा शिकंजा. त्यावर पंधरा, सतरा आणि वीस अशा खुणा होत्या. साडेसतरासाठी बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी सरकवावी लागली; त्या पुठ्ठ्यावर शिक्का मारून त्याला क्रमांक देण्यात आला. चालवायला कॅपच्या जावयाला प्रशिक्षण मिळालं. प्रशिक्षण सुरक्षिततेसाठी प्लास्टिकच्या सुरीवर झालं.

धार लागली की नाही हे हातावरचे केस सफाईने उतरतात का त्यावरून ठरतं, असं पुस्तिकेत होतं. प्रत्येक दगडानंतर तीन साक्षीदार, दगड सहा. पहिल्या दिवशी समितीचे हात संपले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या संपल्या. सुरीने त्यात काही केलं असं नाही, पण जावई फार नेटाने ओढायचा. तिसऱ्या दिवशी नेनितांच्या नवऱ्याला बोलावून घेतलं, तो अंगाने अस्वल होता. सहाव्या दगडाला त्याच्या छातीचा डावा भाग एका झटक्यात गुळगुळीत झाला. सुरीला धार आली होती. म्हणजे खरंच आली होती. प्रमाणपत्रावर कॅपनी सही केली, आणि त्या हातावर एकही केस नव्हता.

लिगायाला हे कळलं तेव्हा सत्तावीस तारीख होती. ती भोपळा काखेत आणि तोंतोनला कडेवर घेऊन कार्यालयात गेली. सुरी काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलेली होती, खाली नोंदवही: 'वापर: निरंक.'

"कॅप, एक भोपळा चिरायचाय. उद्या पोराचं वजन आहे."

कॅपनी तोंतोनचा गाल कुरवाळला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी बराच वेळ खरोखर विचार केला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पोरी, धार कशाने जाते?"

"कापल्याने."

"मग? उद्याच प्रांताचं पथक येतंय. धार राखली का, हे बघणार. आज तुझा भोपळा, उद्या कुणाचा नारळ. तूच अर्ज केलास, तुझ्याच लेकरांसाठी तर ठेवलीय जपून."

लिगायाला यात चूक सापडेना. तिने रस्ताभर शोधली. सापडेना म्हणून ती जास्तच घाबरली.

अठ्ठावीस तारखेला सकाळी मैदानावर एका बाजूला वजनकाटा लागला आणि दुसऱ्या बाजूला मांडव. आते चोलेंगने तोंतोनला काट्यावर बसवलं, आकडा वाचला, पुन्हा बसवलं, पुन्हा वाचला. मग कार्डावर टिंब काढताना तिने लिगायाकडे पाहिलं नाही. टिंब नारिंगी पट्टीत होतं. पुढच्या पोराचंही तिथेच पडलं, त्याच्या पुढच्याचंही.

मांडवात तोवर पथक आलं होतं. धार केंद्राच्या दाराला लाल रिबन बांधली होती. पथकाच्या प्रमुखबाईंनी कात्री घेतली आणि दाबली. रिबन कात्रीच्या दोन पात्यांत घडी होऊन बसली. दुसरी कात्री आली, ती न्हाव्याची. तिने रिबनची एक बाजू चावली आणि सोडून दिली. खाटकाकडे कुऱ्हाड मागायला माणूस गेला. प्रमुखबाई काचेतल्या सुरीकडे बघून म्हणाल्या, ही आहे की. कॅपनी बाईंच्या कानाशी लागून प्रमाणपत्राची अडचण सांगितली. बाई सरकारी नोकरीत सव्वीस वर्षं होत्या. त्यांच्या डोळ्यांत आदर दाटून आला. रिबन गाठ सोडून मोकळी करण्यात आली. 'तीक्ष्णतेची देखभाल' या रकान्यात सान तेल्मोला पैकीच्या पैकी गुण पडले, आणि शेऱ्यात लिहिलं गेलं की समारंभासारख्या मोहाच्या क्षणीही धार वापरण्यात आली नाही.

टाळ्या चालू असतानाच लिगाया निघाली. घरी येऊन तिने कार्ड टेबलावर ठेवलं. अंगठा ठेवायला विसरली. लाल पट्टी आज पहिल्यांदाच पूर्ण दिसत होती, आणि टिंबापासून ती फार लांब नव्हती. इनाय पासिंग भाताचा वाडगा संपवत होत्या. लिगायाने तो संपेपर्यंत वाट पाहिली, मग उचलला, विसळला, ओट्यावर पालथा घातला.

"किती घासू, इनाय?"

"अगं, मला काय विचारतेस. कापायला लागली की थांब."

घरातली सुरी या बाजूने वीसेक वेळा, त्या बाजूने वीसेक वेळा. सुरी धुतली, पुसली. तिचा कोन किती होता, हे आजतागायत कुणालाही माहीत नाही. भोपळ्यात ती शिरली आणि खालच्या फळीला लागून थांबली. लिगायाने भोपळा मटाराएवढा चिरला. तोंतोनने पहिला घास तपासला, मग वाटी स्वतःकडे ओढली आणि रिकामी झाल्यावर तळाला तोंड लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चार आया उभ्या होत्या, पिशव्यांत सुऱ्या लपवून. दुपारपर्यंत अकरा झाल्या. इनाय पासिंग पायरीवर वाडगा पालथा घालून बसल्या होत्या, एकेकीची सुरी चार-पाच मिनिटांत हातावेगळी करत होत्या. लिगाया बाजूला उभी राहून बघत होती. तिला समाधान वाटलं. मग जरा काळजी वाटली. एवढ्या सुऱ्या, एक वाडगा. कुणाची कुठली, कुणी कधी नेली, काही झालं तर जबाबदारी कुणाची. तिने आत जाऊन जुनी वही आणली, नवीन पानावर नाव, वेळ, सुरीची लांबी असे रकाने आखले, आणि थोडं थांबून शेवटी 'कोन' असा आणखी एक. रांगेतल्या पहिल्या बाईला म्हणाली, नंबराने या, फक्त माहितीसाठी लिहून घेते.

इनाय पासिंगनी हातातली सुरी पुसली. सुनेच्या हातून वही घेतली, नवं पान दोन बोटांत उभं धरलं आणि वरून सुरी टेकवली. पान आवाज न करता खालपर्यंत दुभंगलं, रकान्यांच्या मधोमध.

"लागली," त्या म्हणाल्या, आणि सुरी बाईला परत दिली.

पुढच्या महिन्यात तोंतोनचं टिंब पिवळ्यात आलं, त्याच्या पुढच्या महिन्यात हिरव्याच्या कडेला टेकलं. काचेच्या पेटीतली सुरी अजून तिथेच आहे. सरोवराच्या दमट हवेने तिच्या धारेवर बारीक तांबूस नक्षी उमटली आहे, पण गंजाने केलेल्या वापराची नोंद करण्यासाठी वहीत रकाना नसल्याने प्रमाणपत्र वैध आहे.

आणि तुमच्याही ओट्यावर एक सुरी आहे, जी गेले कित्येक महिने टोमॅटो कापत नाही, नुसती त्याला दाबते. तिचं काय करावं याचा विचार तुम्ही बरेच दिवस करत आहात. हा सगळा मजकूरही तुम्ही बहुधा त्यासाठीच वाचलात, शेवटी एखादी चांगली पद्धत सांगितली असेल म्हणून. एवढ्या वेळात इनाय पासिंगच्या तीन सुऱ्या झाल्या असत्या. वाडगा फडताळात आहे.